५० यार्डांवर गोळ्या भरकटतायत, बॅरलमध्ये शिसं बसतंय? मिश्रण बदलायच्या आधी हे तपासा

अमेरिकेत बुल्सआय पिस्तूल (२५ आणि ५० यार्डांवरच्या कागदी टार्गेटवर नेम मारायचा खेळ) खेळणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडून हा एकच प्रश्न मला दर सीझनला येतो, कधी फोनवर, कधी रेंजवर चहाचा थर्मास उघडला की. १९११ घाटाचं पिस्तूल, .४५ मापाचं, घरी ओतलेली २०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) सेमी-वॉडकटर बुलेट, म्हणजे सपाट नाकाची, खांदा असलेली शिशाची गोळी, २५ यार्डांवर सगळं छान आणि ५० यार्डांवर गेलं की वाट लागते. आणि प्रश्न विचारणाऱ्याने तोवर एक गोष्ट हमखास केलेली असते, ती म्हणजे शिसं अजून कडक केलेलं असतं. कुठून तरी लिनोटाइप (जुन्या छापखान्यातलं कडक शिसं) मिळवायचं, पॉटमध्ये (शिसं वितळवायच्या भांड्यात) टाकायचं, त्याने नाही भागलं तर गरम बुलेट पाण्यात टाकून अजून कडक करायची. बहुतेक वेळा दोष कडकपणात नसतोच हो. तो बुलेटच्या मापात असतो नाहीतर तिच्या बुडात असतो, आणि ह्या दोन्ही गोष्टी जवळजवळ फुकटात बघता येतात. म्हणून स्वस्तातल्या तपासण्या आधी, महागाच्या नंतर, अशा क्रमाने सगळं एकदाच लिहून टाकतोय.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतलं आहे, इथे स्वतःच्या वापरापुरत्या बुलेट ओतायला फेडरल लायसन्स लागत नाही (विकायला लागतं, आणि राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते ज्याने त्याने बघावेत). भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे पुण्या-कोल्हापूरच्या मित्रांनी वाचायला वाचा, करायला जाऊ नका.

लक्षणं

- २५ यार्डांवर टाइम्ड आणि रॅपिड (वीस सेकंदांत पाच, दहा सेकंदांत पाच) दोन्ही नीट जातात. ५० यार्ड स्लो फायरला दहातल्या सात-आठ जागेवर आणि उरलेल्या दोन-तीन कुठेतरी सहाच्या रिंगणात. ट्रिगर सुटताना रेड डॉट साइटचा लाल ठिपका मधोमध होता हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, तरी भोक भलतीकडेच.
- टार्गेटवरचं भोक गोल नाही, लांबट आहे किंवा एका बाजूला काळा डाग आहे. सेमी-वॉडकटर कागद कशी पंच केल्यागत कापते, तशी ती कापत नाही, फाडते.
- सुरुवातीच्या राउंडना (राउंड म्हणजे केसमध्ये दारू आणि बुलेट बसवलेलं अख्खं काडतूस) ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बरा, मग हळूहळू पसरत जातो, आणि बॅरल साफ केली की परत बरा.
- बॅरलमधून उजेडाकडे बघितलं की आट्यांच्या (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांच्या) कडेला राखाडी पट्ट्या किंवा शिशाचे पापुद्रे.
- राउंड पूर्ण चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, राउंड बसायच्या घरात) बसत नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) किंचित मागे राहते.

ह्यात बराचसा निकाल इथेच लागतो. ग्रुप हळूहळू पसरत असेल तर शिसं साचतंय. पहिल्या राउंडपासूनच मधूनच एखादी उडत असेल तर ओतकामात खोट आहे, म्हणजे बूड खराब किंवा आत पोकळी. शिसं चेंबरच्या बाजूला, आट्यांच्या सुरुवातीलाच बसत असेल तर बुलेट बॅरलला बारीक पडतेय, मागचा गरम गॅस तिच्या कडेने पुढे पळतोय आणि जाताना शिसं वितळवून चिकटवतोय. तेच शिसं तोंडाकडच्या अर्ध्या भागात असेल तर ल्यूब (बुलेटच्या खोबणीतलं वंगण) वाटेतच संपतंय. हे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

१. मुळात दोष बुलेटचाच आहे ना?

हे कोणीच करत नाही. एक खोका चांगली फॅक्टरी मॅच अॅम्युनिशन घ्या, तेच पिस्तूल, सँडबॅगवर टेकवून, ५० यार्डांवर दहा-दहाचे दोन ग्रुप. लगेच त्याच बैठकीत तुमच्या बुलेटचे दोन. ५० यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ३.३६ इंचांचं आणि एक्स १.६९५ इंचांचा, त्यामुळे पिस्तूल आणि गोळी मिळून तीन इंचांत राहत असतील तर तक्रारीला जागा आहे पण रडायला नाही. फॅक्टरीची गोळी पण तशीच उधळत असेल तर ओतकामाला हात लावू नका. रेड डॉटच्या माउंटचे स्क्रू बघा, बॅरल बुशिंग (बॅरलचं तोंड धरणारी कडी) हाताने हलतंय का बघा, ग्रिपचे स्क्रू बघा. माउंटचा एक सैल स्क्रू माणसाला महिनाभर शिसं उकळायला लावतो, हे मी खूपदा पाहिलंय.

आणि हो, तुलनेसाठी शेजारच्या लेनवरच्या काकांनी भरलेले राउंड मागून मारू नका. माणूस कितीही चांगला असला तरी दुसऱ्याने भरलेला राउंड आपल्या पिस्तुलात घालायचा नाही, इथल्या सगळ्या जुन्या खेळाडूंचा हा नियम आहे.

२. बॅरल साफ करून शून्यावर या

शिसं बसलेल्या बॅरलमधून कुठलीच चाचणी खरी नसते. जुन्या ब्रॉंझ ब्रशला शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा आणि बॅरल पिस्तुलातून बाहेर काढून चेंबरकडून कोरडंच फिरवा, शिसं चांदीच्या चुऱ्यासारखं खाली पडतं. घासणीला आधी लोहचुंबक लावून बघा, बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी पण मिळतात, त्या बॅरलला ओरखडे काढतात. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय कोणी सुचवला तर नको म्हणा. त्यात शिसं विरघळून लेड अॅसिटेट होतं, ते त्वचेतून पण आत जातं आणि बॅरलचं स्टील पण खातं.

३. बूड बघा, नाक नंतर

भिंग आणि टेबल लॅम्प, बाकी काही लागत नाही. नवीन माणूस बुलेटचं नाक बघतो कारण ते दिसायला समोर असतं. नाकावर टोचा असला, थोडी सुरकुती असली तरी ५० यार्डांवर फारसं बिघडत नाही. बूड मात्र बॅरलच्या तोंडातून सगळ्यात शेवटी बाहेर पडतं आणि त्या क्षणी मागचा गॅस कडेने सुटतो. बुडाची कड एका बाजूला गोल किंवा तुटकी असेल तर गॅस त्या बाजूने आधी सुटतो आणि बुलेटला तिरकी ढकलतो. पंचवीस यार्डांपर्यंत हा तिरकेपणा दिसत नाही, पन्नासला दिसतो. एवढं एकच कारण लक्षात ठेवलंत तरी पुढचं निम्मं आपोआप कळेल.

उजेडात बुडाची कड फिरवून बघा. कड धारदार हवी, चारी बाजूंनी सारखी. ह्या खुणा दिसल्या तर बुलेट परत पॉटमध्ये:

- कड गोलसर, भरलीच नाही. मोल्ड (ओतायचा साचा) गार होता किंवा कथील कमी आहे.
- स्प्रू (ओतताना मोल्डच्या वर उरलेलं जादा शिसं) कापल्याजागी खड्डा किंवा ओढल्याची खूण. स्प्रू आतून ओला असतानाच कापलाय.
- बुडावर पातळ पापुद्रा बाहेर आलाय, फाऊंड्रीवाले ज्याला फ्लॅश म्हणतात तो. स्प्रू प्लेट (मोल्डवरची, स्प्रू कापणारी पाटी) सैल आहे नाहीतर तिच्याखाली शिशाचा कण अडकलाय.

एका बसणीत ओतलेल्यातल्या बऱ्याच परत टाकाव्या लागल्या तर वाईट वाटून घेऊ नका, शिसं कुठे जात नाही, परत वितळतं. निवडलेल्यातल्या चांगल्या ५० यार्डांसाठी, मध्यम २५ साठी, असं दोन डब्यांत ठेवलं तरी स्कोअर वर येतो आणि ह्यात एक डॉलर खर्च नाही.

४. वजन आणि कॅव्हिटी

ग्रेनमध्ये एक दशांशापर्यंत दाखवणारा काटा रीलोडिंग करणाऱ्या प्रत्येकाकडे असतोच. पन्नासेक बुलेट तोला आणि कागदावर आकडे मांडा. २०० ग्रेनच्या बुलेटला अर्धा ग्रेन इकडेतिकडे असलं तर मी बघत पण नाही. पण बाकी सगळ्या २०१ च्या आसपास आणि एखादी १९९ असेल तर तिच्या आत हवा आहे, पोकळी आहे, आणि ती पोकळी मधोमध असायची शक्यता फार कमी. बुलेट फिरताना ती एका बाजूला जड पडते आणि डगमगते. अशा काढून टाका. वजनाने अगदी दशांश-दशांशाचे ढीग लावणारे लोक आहेत, त्यांचा वेळ त्यांच्यापाशी, मला पिस्तुलात त्याचा उपयोग झालेला दिसला नाही.

त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कॅव्हिटी, मोल्डमधलं एकेका बुलेटचं घर. दोन किंवा चार कॅव्हिटीच्या मोल्डमध्ये सगळी घरं सारखी नसतात. एका घरातून ०.४५३ इंचाची पडते, शेजारच्यातून ०.४५१ ची. सगळ्या एकाच डब्यात पडल्या की तुमचा एक ग्रुप म्हणजे चार वेगवेगळ्या बुलेटचा ग्रुप झाला. टॉवेलवर चार कोपरे करा, प्रत्येक घराची बुलेट त्या-त्या कोपऱ्यात, एकदा वजन, एकदा व्यास. त्यातलं एक घर नालायक निघालं तर ते सरळ भरायचंच नाही.

५. व्यास: इथेच खरा घोळ असतो

ह्यासाठी मायक्रोमीटर लागतो. कॅलिपर नाही. डिजिटल कॅलिपर चार आकडे दाखवतो म्हणून लोकांचा विश्वास बसतो पण इंचाच्या हजाराव्या भागावर भांडण असताना त्याच्यावर अवलंबून राहता येत नाही, आणि आपलं सगळं भांडण त्या एका हजाराव्या भागाचंच आहे.

आधी बॅरलचं माप. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून बॅरल बाहेर काढा, आतून हलकं तेल लावा, मऊ शुद्ध शिशाचा एक ठोकळा (थोडा जाडच हवा) लाकडी हातोड्याने हलके ठोकून आत बसवा आणि पितळी किंवा लाकडी दांड्याने पार ढकला. बाहेर आलेल्या ठोकळ्यावर आटे उमटलेले असतात, त्यातल्या उंच भागाचा व्यास म्हणजे तुमच्या बॅरलचं खोल माप. .४५ च्या बॅरलला ते साधारण ०.४५१ येतं, बुलेट त्याहून एक हजारावा भाग जाड म्हणजे ०.४५२ हवी. .३८ रिव्हॉल्व्हरवाल्यांना ०.३५७ आणि ०.३५८. पण तुमच्या बॅरलचं माप तुम्हीच काढा, माझ्या आकड्यावर जाऊ नका, जुन्या बॅरल दोन हजारावे भाग पण इकडेतिकडे असतात. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरला पाच आटे असतात, समोरासमोर उंच भाग येतच नाही, तिथे साध्या मायक्रोमीटरने चुकीचं माप येईल, व्ही-ब्लॉकवाला लागतो.

रिव्हॉल्व्हर असेल तर अजून एक. सिलिंडरच्या प्रत्येक घराचं पुढचं तोंड बॅरलपेक्षा बारीक असेल तर तुम्ही कितीही जाड बुलेट घाला, ती तिथेच दाबून बारीक होते आणि मग बॅरलमध्ये सैल जाते. साइझ केलेली (डायमधून ढकलून नेमक्या मापाची केलेली) बुलेट समोरून बोटाने हलकं दाबून आत गेली पाहिजे. आपोआप घसरून पडली तर तोंड मोठं आहे, बोटाला जोर लागला तर लहान. सहाही घरं बघा, सहाही सारखी असतील असं धरून चालू नका.

आता जे लोक विसरतात ते. बुलेट डब्यात ०.४५२ ची आहे, पण केसमध्ये बसवल्यावर किती राहिली? एक भरलेला राउंड घ्या, हातोड्यासारखा पुलर असतो त्याने बुलेट परत काढा आणि मापा. खूप जणांची इथे ०.४५० निघते. म्हणजे ओतकाम उत्तम, साइझिंग उत्तम, आणि पितळी केसने किंवा कडक क्रिम्पने (केसचं तोंड बुलेटवर दाबून बंद करणं) बुलेट आवळून टाकली. आपण वापरतो ती बुलेट मऊ असते, केस तिला सहज दाबतो. उपाय स्वस्त आहे: कास्ट बुलेटसाठीचा थोडा जाड एक्स्पांडर (केसचं तोंड रुंद करायचा दांडा) घ्या, आणि टेपर क्रिम्प एवढाच ठेवा की केसच्या तोंडाची घंटा सरळ व्हावी, चावायला नको. माझ्याकडे शिसं बसतंय म्हणून येणाऱ्यांपैकी किती जणांचं काम इथेच संपतं ते सांगून पटणार नाही, आणि तोवर बिचाऱ्यांनी लिनोटाइपवर पैसे घातलेले असतात.

स्लाइड पूर्ण बंद होत नसेल तर बाहेर काढलेल्या बॅरलमध्येच राउंड टाकून बघा. टपकन खाली बसला पाहिजे आणि बोटाने गोल फिरला पाहिजे. सेमी-वॉडकटरचा खांदा केसच्या बाहेर नखाच्या जाडीएवढा राहतो, त्याहून जास्त राहिला तर तो आट्यांवर जाऊन टेकतो.

६. ओतताना काय बघायचं

वरचं सगळं ठीक आणि तरी बुडं खराब येतायत, तर आता पॉटपाशी. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीच्या फाऊंड्रीत वाढलेल्या घरातला, त्यामुळे मला हे आवडतं, पण नियम तिथलेच आहेत: धातू गरम, साचा गरम, हवा बाहेर जायला वाट, आणि वरून खाऊ घालायला पुरेसा धातू.

बुलेटवर सुरकुत्या म्हणजे कोल्ड शट, धातू नीट जुळायच्या आधीच गोठला. दोन कारणं, मोल्ड गार किंवा मोल्डला तेल. नवीन मोल्डला कारखान्यातलं तेल असतं, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळवून. पूर्ण म्हणजे पूर्ण, का ते खाली सांगतो. मग मोल्डचा कोपरा हॉट प्लेटवर किंवा पॉटच्या काठावर ठेवून तापू द्या. पहिल्या काही बुलेट बघायच्या पण नाहीत, सरळ परत. पॉटचं तापमान ७०० ते ७५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३७० ते ४०० सेल्सिअस, थर्मामीटरने मोजलेलं. पॉटच्या बटणावरचे आकडे शोभेचे असतात.

सुरकुती नाही पण पूर्ण अंगावर एकसारखी धुरकट छटा आलीय, त्याला घाबरू नका. मोल्ड जरा जास्त तापलाय एवढंच, कड धारदार असेल तर ती बुलेट चमकदार बुलेटइतकीच चांगली जाते. चमक बघून बुलेट निवडणारे आणि बूड न बघणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार.

बुडाखाली पोकळी येत असेल तर स्प्रूवर शिसं कमी सोडताय. धातू गार होताना आकसतो आणि ती तूट वरच्या स्प्रूतल्या ओल्या शिशातून भरून निघते. स्प्रूवर चांगला ढीग राहू द्या, कंजूषपणा नको. मग चार-सहा सेकंद थांबा, वरचा पृष्ठभाग चमकदारचा एकदम मंद होतो, त्याच्या थोडं पुढे कापा. लवकर कापलं तर खड्डा, खूप उशीर केला तर हत्याराला जोर लागतो आणि प्लेट वाकते. शेवटी सगळं येतं लयीवर. मध्येच थांबून बुलेट बघत बसलं, फोन घेतला, की मोल्ड गार आणि पुढच्या दहा बाद. तपासणी नंतर.

मोल्डच्या दोन्ही पाट्यांवर हवेसाठी बारीक रेषा असतात, त्या शिशाने किंवा ल्यूबने बुजल्या की हवा आत अडकते आणि कड भरत नाही. लाकडी टूथपिकने साफ करा, लोखंडी टोकाने नाही. मेणबत्तीने मोल्डला काजळी धरायचा जुना उपाय आहे, काही जण त्याच्यावर शपथ घेतात, मी करत नाही, काजळीने घर लहान होतं आणि माप परत बिघडतं.

७. मिश्रण, म्हणजे जिथून सगळे सुरुवात करतात ते

शुद्ध शिसं ब्रिनेल (कडकपणाचं माप) ५ च्या आसपास, चाकाच्या वजनांचं (गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या) शिसं ११-१२, लिनोटाइप २२ च्या जवळ. .४५ ची टार्गेट गोळी सेकंदाला साडेसातशे फुटांच्या आसपास जाते, दाब कमी असतो, तिला ब्रिनेल १० ते १२ भरपूर झालं. त्याहून कडक केली तर नुकसानच होऊ शकतं, कारण मऊ बुलेट मागच्या दाबाने किंचित फुगून आटे बंद करते आणि कडक बुलेट तशीच बारीक राहते आणि गॅस कडेने पळतो. म्हणजे शिसं बसू नये म्हणून कडक केलं आणि शिसं बसायला लागलं. माप बरोबर असेल तर मऊ पण चालते, कडक पण चालते. माप चुकलं तर दोन्ही नाही चालत.

कथील एक ते दोन टक्के पुरे. त्याने शिसं साच्याच्या कोपऱ्यात नीट वाहतं, बुडाची कड भरते. चार-पाच टक्के घालणं म्हणजे पैसे पॉटमध्ये टाकणं. मिश्रण बदललं की व्यास पण बदलतो हे लक्षात ठेवा, अँटिमनी जास्त तर बुलेट किंचित जाड पडते, शुद्ध शिशाची बारीक, त्यामुळे मित्राच्या मोल्डमधून मित्राला मिळालेलं माप तुम्हाला मिळेलच असं नाही. आणि अँटिमनीवाली बुलेट ओतल्यानंतर काही दिवस कडक होत जाते, दोन आठवडे डब्यात पडू द्या आणि मग काय ते मोजा. कडकपणा मोजायला महाग यंत्र नको, चित्रकलेच्या पेन्सिलींचा संच पुरतो, कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो त्यावरून ढोबळ अंदाज येतो आणि मागच्या खेपेशी तुलना करायला तेवढं बास.

वर मळी आली म्हणून काढून फेकू नका, त्यात तुमचं कथील असतं. लाकडाचा भुसा किंवा मेणाचा तुकडा टाकून ढवळा, कथील परत खाली जातं, वर उरते ती काळी राख तेवढीच काढा.

जस्ताबद्दल वेगळं सांगायला हवं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या राज्यांनी शिशाची चाकाची वजनं बंद केल्यापासून टायरवाल्याकडून मिळणाऱ्या बादलीत जस्ताची आणि लोखंडाची वजनं वाढलीत. जस्त ४१९ सेल्सिअसला वितळतं. पॉट त्याच्या बराच खाली ठेवला तर जस्ताचा तुकडा न वितळता वर तरंगतो, चिमट्याने काढता येतो. वितळला की संपलं, शिसं लापशीसारखं गुठळ्या-गुठळ्यांचं होतं, साचा भरत नाही, काही केलं तरी कड येत नाही. अशी खेप सुधारायचा नाद करू नका, फार तर मासे पकडायच्या गळाला वजनं करा, आणि तुमच्या राज्यात तीही चालत नसतील तर रीसायकलिंगला द्या. टायरवाल्याची वजनं परवडत नसतील तर तयार, माप लिहिलेलं मिश्रण विकत घेतलेलं शेवटी स्वस्त पडतं, हे माझं मत.

८. ल्यूब आणि कोटिंग

थोडक्यात. शिसं तोंडाकडे बसत असेल तर ल्यूबची खोबण पूर्ण भरलीय का बघा, बॅरलच्या तोंडावर शूटिंगनंतर ल्यूबचा मंद गोल डाग दिसायला हवा. ओहायोच्या जानेवारीत कडक मेणाचं ल्यूब दगड होतं, तिथे मऊ, अॅलॉक्स (एक वंगण) आणि मधमाशीच्या मेणाचं बरं. पावडर कोटिंग (पावडर लावून भट्टीत भाजायचा थर) करत असाल तर थर चढल्याने बुलेट एक-दोन हजारावे भाग जाड होते, त्यामुळे साइझ शेवटी करा, नाहीतर चेंबरमध्ये अडकेल. भट्टी म्हणून घेतलेल्या टोस्टर ओव्हनमध्ये नंतर कधीही ब्रेड भाजायचा नाही, तो गॅरेजमध्येच मरेल.

९. मोल्ड बदलायचा झाला तर

इथवर येऊन सुद्धा ५० ला पसरत असेल तरच नवीन मोल्ड. .४५ ला २०० ग्रेनची, हेन्स्ली अँड गिब्स या मोल्डवाल्यांच्या ६८ नंबरच्या घाटाची लांब नाकाची सेमी-वॉडकटर निवडा, १९११ मध्ये ती सहज चढते आणि पन्नासला टिकते. .३८ ला १४८ ग्रेनची वॉडकटर, सपाट बुडाची. बुडाला उतार असलेली बुलेट केसमध्ये बसवायला सोपी, पण मला सपाटच आवडते, कड बघता येते. दोन कॅव्हिटीचा चांगला मोल्ड सहा कॅव्हिटीच्या स्वस्त मोल्डपेक्षा टार्गेटच्या माणसाला जास्त उपयोगाचा.

कुठे थांबायचं

काही गोष्टी ताबडतोब थांबायच्या. आवाज "फुस्स" आला, धक्का लागलाच नाही, की पुढचा राउंड मारायचा नाही, कितीही घाई असो, रॅपिडची मालिका गेली तरी चालेल. बुलेट बॅरलमध्ये अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर बॅरल फुगते किंवा फाटते. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरा, रेंज ऑफिसरला सांगा.

पॉटजवळ पाणी नको. ओला मोल्ड, दमट वजनं, कपाळाचा घामाचा थेंब, कोकची थंड बाटली, काहीही. वितळलेल्या शिशाखाली पाणी गेलं की त्याची वाफ होऊन सगळं शिसं छताला उडतं. कॉटनचे पूर्ण बाह्यांचे कपडे, गॉगल, बूट. स्वयंपाकघरात तर अजिबात नाही, वहिनी ओरडतील म्हणून नव्हे, घरात लहान मूल असतं म्हणून. गॅरेजचं दार उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने. काम झालं की गार पाण्याने साबण लावून हात धुवायचे, त्याआधी खायचं नाही, तंबाखू मळायची नाही, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या, फॅमिली डॉक्टरला सांगितलं की साधी तपासणी आहे. इथे ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा संदर्भाचा आकडा धरतात. त्याच्या वर आलं तर ओतकाम थांबवा आणि डॉक्टर सांगतील तसं करा, घरगुती काढे नकोत. बऱ्याचदा कारण पॉट नसतोच, हवा न खेळणारी इनडोअर रेंज असते आणि प्रायमरची धूळ असते, पण ते डॉक्टरशी बोलून ठरवा.

गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) कधी? शिशाचा ठोकळा बॅरलमधून ढकलताना मध्येच एका जागी घट्ट लागला आणि पुढे सैल झाला, तर तिथे बॅरल आवळलेली आहे, रिव्हॉल्व्हरला फ्रेमच्या आट्यांपाशी असं होतं. सिलिंडरची तोंडं बारीक निघाली. बॅरलच्या तोंडाच्या कडेला ठोकर लागलेली दिसली. बुशिंग सैल आहे. १९११ च्या बॅरलला चेंबरपुढे उतारच नाही आणि बुलेटचा खांदा रोज खरवडला जातोय. ही सगळी रीमरची (भोक आतून मोठं करायचं हत्यार), लेथची कामं आहेत. रीमर ऑनलाइन मिळतो म्हणून घरी फिरवायचा नाही, काढलेलं स्टील परत लावता येत नाही, आणि बुलेटला घासायची पेस्ट लावून बॅरल आतून गुळगुळीत करण्याचे प्रयोग पण नको. बुल्सआयची पिस्तुलं करणारा गनस्मिथ शोधा, कॅम्प पेरीला (ओहायोतल्या राष्ट्रीय स्पर्धांच्या रेंजवर) जुलैमध्ये गेलात तर अशा दोघा-तिघांची नावं कुठल्याही लेनवर विचारून मिळतात.

त्याच्याकडे जाताना पिस्तूल रिकामं आणि सोबत ही पिशवी: बॅरलमधून ढकललेला शिशाचा ठोकळा, केसमधून परत काढलेल्या चार-पाच बुलेट, न वापरलेल्या साइझ केलेल्या तेवढ्याच, फॅक्टरी गोळीचं आणि तुमच्या गोळीचं एकाच दिवशी मारलेलं टार्गेट, आणि शिसं कुठल्या टोकाला बसतंय ते लिहिलेला कागद. राउंड नेऊ नका, तो स्वतःचे वापरेल.